रोड बाइकचं हेडसेट बेअरिंग: शोधायचं कसं, बसवायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरला की सायकलींच्या हँडलमधून आवाज यायला लागतात आणि तेच ते प्रश्न पुन्हा विचारले जातात. इथली उत्तरं प्रामुख्याने आजच्या रोड बाइकवर असणाऱ्या बिनआट्याच्या (थ्रेडलेस) हेडसेटबद्दल आहेत. जुन्या आट्याच्या हेडसेटचा प्रश्न शेवटाकडे वेगळा घेतला आहे. वेळ कमी असेल तर निदान बेअरिंगच्या कोनांबद्दलचा प्रश्न वाचून घ्या. पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा तिथेच.

हेडसेट आणि कोनसेट एकच का?

काम एकच. मोटरसायकलवाले ज्याला कोनसेट म्हणतात, त्याला सायकलीत हेडसेट म्हणतात. जुने मिस्त्री ‘हेड फिटिंग’ म्हणतात. फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीला हेड ट्यूब म्हणतात. तिच्यात वर एक आणि खाली एक अशी दोन बेअरिंग असतात. त्यांतून फोर्कची नळी, म्हणजे स्टिअरर, वर येते आणि स्टेम, म्हणजे हँडल धरणारा भाग, तिला पकडतं. फोर्कच्या खांद्यावर बसलेली कडी म्हणजे क्राऊन रेस; तिच्यावर खालचं बेअरिंग टेकतं. वरच्या बेअरिंगमध्ये पाचरीसारखी शिरणारी, एका जागी चिरलेली कडी म्हणजे कॉम्प्रेशन रिंग. ही दोन नावं पुढे सारखी येतील.

बेअरिंग खराब झालंय हे ओळखायचं कसं?

पुढचा ब्रेक दाबा आणि सायकल पुढे-मागे हलवा. दुसऱ्या हाताची बोटं वरच्या झाकणाच्या आणि फ्रेमच्या फटीवर ठेवा. तिथे हालचाल जाणवली तर हेडसेटमध्ये खेळ आहे. डिस्क ब्रेकच्या सायकलीत मात्र ही चाचणी फसवते, कारण कॅलिपरमध्ये ब्रेक पॅडच थोडे हलतात आणि तसाच ‘टक’ आवाज येतो. म्हणून हँडल पूर्ण काटकोनात वळवा आणि ब्रेक न धरता पुन्हा ढकलून-ओढून बघा. आताही टक-टक आली तर दोष हेडसेटचा. पुढच्या हबमध्ये खेळ असेल तर चाक रिमला धरून आडवं हलवल्यावर कळतो.

मग पुढचं चाक उचला आणि हँडल एका बोटाने हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. चांगलं बेअरिंग गुळगुळीत फिरतं. वाळूसारखी करकर म्हणजे आत गंज किंवा माती. मध्यभागी, चाक सरळ असताना, खाच लागल्यासारखं हँडल अडकत असेल तर त्या बेअरिंगचं आयुष्य संपलं.

नुसता खेळ असेल तर बेअरिंग बदलायलाच हवं का?

नाही. आधी ते घट्ट करून बघा. पद्धत पुढे दिली आहे. खेळ गेला आणि हँडलही मोकळं फिरलं तर काम झालं. खेळ घालवायला इतकं आवळावं लागत असेल की हँडल जड होतं, किंवा आठवड्याभरात खेळ परत येत असेल, तर मात्र उघडा.

खेळ तसाच ठेवून चालवत राहू नका. सैल हेडसेटमध्ये प्रत्येक खड्ड्याला बेअरिंग आपल्या बैठकीवर आपटतं. इंटिग्रेटेड हेडसेटमध्ये ही बैठक फ्रेममध्येच असते. बेअरिंग बदलता येतं, पण फ्रेमची बैठक झिजली तर फ्रेमच जाते.

सरळ रेषेत जी खाच लागते, ती खड्ड्यांच्या दणक्यांनी पडते का?

बहुतेकांना असंच वाटतं, आणि आपले रस्ते बघता ते साहजिक आहे. खरं कारण वेगळं आहे. रोड बाइकचं हँडल तासन् तास जवळजवळ सरळच असतं. छर्रे त्याच जागी बसून रस्त्याच्या थरथरीने बारीक-बारीक हलत राहतात. पूर्ण फेरी होत नाही, त्यामुळे त्यांच्याखालचं ग्रीस बाजूला सरतं आणि परत येत नाही. मग पोलादावर पोलाद कोरडं घासतं आणि प्रत्येक छर्ऱ्याखाली एक खळगी तयार होते. अमेरिकी अभियंता आणि सायकलपटू योब्स्ट ब्रांट हे अनेक वर्षं पटवून सांगत होते. खाच फक्त मध्यावर सापडते, त्याचं कारण हेच.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते: दणके टाळणं आपल्या हातात नाही, पण ग्रीस ताजं ठेवणं आहे.

नेहमी खालचंच बेअरिंग आधी का जातं?

पुढचं चाक रस्त्यावरचं पाणी आणि चिखल थेट त्याच्यावर फेकतं. जुलैत ताम्हिणी किंवा वरंधा घाटातून एकदा जाऊन आलात तर फोर्कच्या खांद्यावर किती माती बसते ते दिसेल. त्यात सायकलचा आणि तुमचा पुढचा भारही बराचसा खालच्या बेअरिंगवर येतो. पुढे मडगार्ड लावणाऱ्यांचं खालचं बेअरिंग जास्त टिकतं. मडगार्ड न आवडणाऱ्यांनीही पावसाळ्याचे चार महिने ते लावावं असं माझं स्पष्ट मत आहे.

घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर, सायकल चालवणाऱ्यांचं उलट होतं. घाम स्टेमवर टपकतो, टॉप कॅपच्या (स्टेमवरच्या टोपीच्या) कडेने आत झिरपतो आणि वरचं बेअरिंग गंजतं. घामातलं मीठ ॲल्युमिनियमच्या स्टिअररलाही खातं. ट्रेनरवर बसताना हँडलवर जाड टॉवेल टाका.

माझ्या सायकलला कोणतं बेअरिंग लागेल, हे कसं शोधू?

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे जुनं बेअरिंग बाहेर काढून त्याच्यावरचं वाचणं. बहुतेक बेअरिंगच्या सीलवर किंवा कडेवर आकडे छापलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, उंची आणि दोन कोन. उदाहरणार्थ ३०.१५×४१×६.५, ३६/४५. गंजामुळे वाचता येत नसेल तर केरोसीनच्या फडक्याने पुसा, कडेने उजेड टाका, फोटो काढून मोठा करून बघा. तरीही जमलं नाही तर व्हर्नियर कॅलिपरने मोजा. शाळेच्या पट्टीने मोजू नका; ४१ आणि ४१.८ मिमी या दोन वेगळ्या जाती आहेत आणि पट्टीवर तो फरक दिसत नाही.

सायकलच्या माहितीपत्रकात हेडसेटचा प्रमाणित कोड दिलेला असेल तर तोही कामाचा. तो साधारण ‘आयएस ४२/२८.६’ वर आणि ‘आयएस ५२/४०’ खाली असा असतो. पहिली दोन इंग्रजी अक्षरं जात सांगतात. ईसी म्हणजे कप, अर्थात बेअरिंग बसायच्या वाट्या, फ्रेमच्या बाहेर दिसतात. झेडएस म्हणजे कप आत ठोकून बसवलेले. आयएस म्हणजे कपच नाही, बेअरिंग थेट फ्रेममध्ये. त्यानंतरचा आकडा फ्रेमच्या भोकाचा व्यास. तिरप्या रेघेनंतरचा आकडा वरच्या भागात स्टिअररचा व्यास आणि खालच्या भागात क्राऊन रेस जिथे बसते तिथला व्यास.

आज दिसणाऱ्या पुष्कळ रोड बाइकवर स्टिअरर वर १ १/८ इंच, म्हणजे २८.६ मिमी, आणि खाली १ १/२ इंच असतो. म्हणजे वरचं आणि खालचं बेअरिंग वेगळ्या मापाचं. पण यावर विसंबून मागवू नका. जायंटच्या ओव्हरड्राइव्ह २ फोर्कचा स्टिअरर वर १ १/४ इंच आहे, कॅनियनच्या बऱ्याच रोड बाइकचाही. स्पेशलाइज्डच्या अनेक रोड फोर्कना खाली १ ३/८ इंच आहे. शेजाऱ्याच्या सायकलीचं माप आपल्याला लागू पडेलच असं नाही, दोघांची कंपनी एकच असली तरीही.

एका गोष्टीने बरेच जण गोंधळतात: २८.६ मिमीच्या स्टिअररवरच्या बेअरिंगचा आतला व्यास ३० मिमीच्या थोडा वर का? कारण मधल्या जागेत कॉम्प्रेशन रिंग बसते. बेअरिंग स्टिअररला थेट टेकतच नाही.

३६/४५ आणि ४५/४५ हे काय प्रकरण आहे? व्यास जुळले तर चालत नाही का?

चालत नाही. सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

हेडसेटचं बेअरिंग दोन जागी तिरप्या कडांवर टेकतं. बाहेरची तिरपी कड फ्रेममध्ये किंवा कपात टेकते. आतली तिरपी कड वर कॉम्प्रेशन रिंगवर आणि खाली क्राऊन रेसवर टेकते. या कडांचे कोन म्हणजे ते दोन आकडे. ३६/४५ म्हणजे आतली कड ३६ अंशांची आणि बाहेरची ४५ अंशांची. ४५/४५ म्हणजे दोन्ही ४५.

१ १/८ इंचाच्या इंटिग्रेटेड हेडसेटमध्ये दोन घराणी रुळली. केन क्रीक कंपनीचं बेअरिंग ४१ मिमी आणि ३६/४५. कॅम्पॅग्नोलोच्या हिडनसेटचं ४१.८ मिमी आणि ४५/४५; त्यासाठी फ्रेमचं भोक ४२ मिमीचं. ४१ मिमीचं बेअरिंग ४२च्या भोकात सहज जातं, हातात बरोबरच वाटतं, आणि मग कितीही आवळलं तरी खेळ जात नाही. खाली ५२ मिमीच्या बेअरिंगमध्ये तर बाहेरचा व्यास तोच ठेवून कोन वेगळे असलेली बेअरिंग विकली जातात. तिथे व्यासावरून काहीच कळत नाही.

कोन चुकला तर काय होतं? पूर्ण कड टेकण्याऐवजी फक्त एक धार टेकते. सगळा भार त्या धारेवर येतो, बेअरिंग किंचित डुलतं, कटकट सुरू होते आणि समोरची बैठक झिजते. बैठक कार्बनची असेल तर हे फार महागात पडतं.

कोन छापलेला नसेल तर घरच्या घरी ढोबळ तपासणी करता येते. जाड कागदाचा चौकोन कर्णावर घडी घालून कापा. टोकाला बरोबर ४५ अंश मिळतात. बेअरिंग सपाट ठेवून तिरप्या कडेला ते टोक लावा आणि मागून टॉर्च धरा. फट न दिसता टेकलं तर ४५, उजेड आला तर बहुधा ३६. कड जेमतेम एक-दोन मिलिमीटरची असते, त्यामुळे भिंग घेऊन निवांत बघा. त्याहून चांगली खात्री म्हणजे जुनी कॉम्प्रेशन रिंग आणि क्राऊन रेस सोबत घेऊन दुकानात जाणं आणि नव्या बेअरिंगवर बसवून बघणं. न डुलता, पूर्ण गोल टेकली पाहिजे.

उंचीकडेही लक्ष द्या. ६.५ऐवजी ८ मिमीचं बेअरिंग बसेल, पण झाकण फ्रेमपासून वर राहील आणि फटीतून पाणी जाईल. उलट केलं तर झाकण फ्रेमला घासेल.

बेअरिंगच्या नेहमीच्या दुकानात ६८०६ आणि ६८०८ स्वस्तात मिळतात. मापही जुळतंय. घेऊ का?

घेऊ नका. ६८०६चं माप ३०×४२×७ आणि ६८०८चं ४०×५२×७, म्हणून मोह होतो. पण ती पंखा, मोटर यांसारख्या फिरत्या दांड्यांसाठीची बेअरिंग आहेत. त्यांना तिरप्या कडा नाहीत, त्यामुळे हेडसेटमध्ये ती टेकणार कुठे? शिवाय ती आडवा भार घेण्यासाठी घडवलेली असतात. हेडसेटमध्ये भार मोठ्या प्रमाणात उभा असतो. दुकानदार प्रामाणिकपणे मापाप्रमाणेच देतो, म्हणून विचारतानाच ‘सायकलचं हेडसेट, तिरप्या कडेचं’ असं सांगा.

साधं पोलादी, स्टेनलेस की सिरॅमिक?

स्टेनलेस. साधं क्रोम स्टील जास्त कठीण असतं हे खरं, पण हेडसेटचं बेअरिंग वेगाने फिरतच नाही. ते बहुतेक वेळा गंजाने जातं. मुंबई, कोकण, गोवा अशा खाऱ्या हवेत तर दुसरा विचारच नको. सिरॅमिकचा फायदा कमी घर्षणाचा, आणि हँडल वळवायला घर्षण कमी होऊन तुम्हाला काही मिळत नाही. ते पैसे चांगल्या टायरवर घाला.

हत्यारं काय लागतील?

४, ५ आणि ६ मिमीचे एलन पाने, टॉर्क पाना, फडकी, रबरी हातोडी आणि पाण्याला टिकणारं ग्रीस. बोटीसाठीचं ग्रीस उत्तम. ते मिळालं नाही तर गाड्यांच्या दुकानातलं एपी ३ चालेल. कार्बनचा स्टिअरर असेल तर टॉर्क पान्याशिवाय काम सुरू करू नका.

बदलायचं कसं?

सायकल स्टँडवर लावा आणि पुढचं चाक काढा. डिस्क ब्रेक असेल तर पॅडमध्ये ठोकळा घाला. सगळं उघडण्याआधी स्पेसरचा (स्टेमच्या खाली-वर असणाऱ्या कड्यांचा) क्रम दाखवणारा एक फोटो काढून ठेवा.

आधी टॉप कॅपचा बोल्ट काढा, मग स्टेमचे बाजूचे दोन बोल्ट सैल करा. हे करताना एक हात फोर्कवर ठेवा, नाहीतर फोर्क सरळ खाली पडेल. स्टेम हँडलसकट बाजूला करून वरच्या नळीला फडक्याने बांधा, केबलवर ताण येऊ देऊ नका. स्पेसर, झाकण आणि कॉम्प्रेशन रिंग काढा. रिंग अडकली असेल तर स्टिअररच्या टोकावर रबरी हातोडीने हलकं ठोका, सुटते. फोर्क खाली ओढून काढा. आता दोन्ही बेअरिंग हाताने निघायला हवीत. निघताना कोणतं कुठलं आणि कुठली बाजू वर होती, हे लगेच कागदावर लिहा.

फोर्क बाहेर आहे तोवर स्टिअरर नीट पुसून उजेडात बघा. स्टेमच्या खालच्या कडेपाशी आणि क्राऊनपाशी बारीक भेग, खोल ओरखडा किंवा ॲल्युमिनियमवर पांढरी पूड दिसते का? कार्बनवर चिरा किंवा मऊ पडलेली जागा? शंका आली तर तो फोर्क परत बसवू नका, जाणकाराला दाखवा. स्टिअरर चालत्या सायकलीत तुटला तर सावरायला वेळच मिळत नाही. माझ्या मते या सगळ्या कामात बेअरिंगपेक्षा ही पाच मिनिटं जास्त मोलाची आहेत.

बैठका स्वच्छ पुसा आणि ग्रीसचा पातळ थर लावा. खालचं बेअरिंग क्राऊन रेसवर ठेवा: आतली तिरपी कड खाली रेसकडे, बाहेरची तिरपी कड वर फ्रेमकडे. वरच्या बेअरिंगचं उलट: बाहेरची तिरपी कड खाली फ्रेममध्ये, आतली वर, कॉम्प्रेशन रिंगसाठी. हे उलटं बसलं तर हँडल एकतर जॅम होतं किंवा डुगडुगतं. बेअरिंगवर वरून-खालूनही ग्रीस चोपडा. पाणी अडवण्याचं खरं काम तो थर करतो. फोर्क वर ढकला, कॉम्प्रेशन रिंग बोटांनी खाली दाबून बसवा, मग झाकण, स्पेसर आणि स्टेम.

टॉप कॅप किती आवळायची?

टॉप कॅप स्टेमला धरून ठेवत नाही. तिचं काम फक्त बेअरिंगवरचा खेळ काढणं. म्हणून स्टेमचे बोल्ट सैल असतानाच ती आवळायची: पाव फेरी, खेळ तपासा, पुन्हा थोडं. खेळ गेला त्या क्षणी थांबा. मग चाक लावून स्टेम सरळ करा आणि बाजूचे बोल्ट आलटून-पालटून, स्टेमवर लिहिलेल्या टॉर्कपर्यंत आवळा. बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. शेवटी पुढचं चाक उचलून सायकल किंचित कलती करा. हँडल आपोआप त्या बाजूला पडलं पाहिजे. हेडसेट जास्त आवळला तर सायकल हळू चालवताना सरळ राहत नाही, नागमोडी जाते, आणि नवं बेअरिंग लवकर संपतं.

कितीही आवळलं तरी खेळ जात नसेल तर बहुतेक वेळा टॉप कॅप स्टिअररलाच टेकलेली असते. स्टिअररचं टोक स्टेमच्या किंवा वरच्या स्पेसरच्या कडेपेक्षा साधारण ३ मिमी खाली हवं. नसेल तर एक पातळ स्पेसर वाढवा.

कार्बन स्टिअररमध्ये काय वेगळं?

त्यात ताऱ्याच्या आकाराचा नट कधीही ठोकू नका. तो ॲल्युमिनियम आणि पोलादासाठी आहे. कार्बनसाठी आत फुगणारा एक्सपांडर असतो आणि तो स्टेमच्या पकडीच्या मागे, त्याच उंचीवर यायला हवा. टॉप कॅप आवळताना एक्सपांडरच वर सरकत असेल तर तो काढा, आतलं ग्रीस स्पिरिटने पुसा आणि कोरडा बसवा.

बेअरिंग फ्रेममध्ये गंजून अडकलंय. काय करू?

गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. मग आतल्या बाजूने, लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या दांडक्याने, एकदा या कडेला, एकदा त्या कडेला, हळू ठोका. एकाच बाजूने ठोकलं तर ते तिरकं होऊन आणखी फसतं. कधी कधी आतली कडी निघून येते आणि बाहेरची फ्रेममध्येच राहते. ॲल्युमिनियमच्या फ्रेममधून ती धीराने काढता येते. कार्बनच्या फ्रेममध्ये मात्र तिथेच थांबा आणि चांगल्या मेकॅनिककडे जा.

क्राऊन रेसही बदलायची का?

तिच्यावर खळग्या किंवा गंजाचे खड्डे नसतील आणि नव्या बेअरिंगचा कोन तोच असेल तर गरज नाही. एका जागी मुद्दाम चीर ठेवलेली रेस हाताने निघते आणि बसते. अखंड रेस पातळ पात्याने थोडी-थोडी उचलून काढावी लागते आणि बसवताना योग्य मापाच्या नळीने सारखी ठोकावी लागते. ती एका बाजूला केसभर वर राहिली तरी हँडल फिरताना मध्येच घट्ट, मध्येच सैल लागतं.

कप ठोकून बसवलेले असतील तर?

बऱ्याचदा कप तसेच ठेवून फक्त आतलं बेअरिंग बदलता येतं. कपच बदलायचे झाले तर हातोडीने ठोकू नका. लांब आट्याचा रॉड, दोन नट आणि जाड रुंद वायसर एवढ्यात कामचलाऊ प्रेस तयार होते. पुण्यात बोहरी आळीत हे सगळं एका फेरीत मिळतं. एका वेळी एकच कप दाबा आणि तो सरळ जातोय का हे दर फेरीला बघा.

नवं बेअरिंग बसवूनही कटकट का येते?

कोरडी बैठक, कोन न जुळणं किंवा स्टेमच्या पकडीतली माती. आधी सगळं उघडून, पुसून, ग्रीस लावून बसवा. तरीही येत असेल तर हँडलची पकड आणि पुढचा एक्सल तपासा. फ्रेममधून आवाज असा फिरून येतो, की मूळ ठिकाण कानाने सांगणं अवघड.

केबल आणि ब्रेकच्या नळ्या हेडसेटमधून आत जात असतील तर?

मग काम कित्येक पटींनी वाढतं. नळ्या वरच्या बेअरिंगच्या आतून जातात, त्यामुळे ते बेअरिंग बाहेर काढायला बऱ्याच सायकलींत ब्रेकची नळी सोडावी लागते आणि नंतर हवा काढून ब्रेक पुन्हा भरावे लागतात. बेअरिंगच्या किमतीपेक्षा मजुरीच जास्त होते. अशी सायकल नवी घेताना दुकानातच हेडसेटमध्ये भरपूर ग्रीस घालून मागा, आणि पुढे ब्रेकची नळी कोणत्याही कारणाने सुटली की त्याच वेळी स्टेनलेस बेअरिंग टाकून घ्या.

माझी जुनी स्टीलची, आट्याच्या हेडसेटची रोड बाइक आहे. तिचं काय?

तिच्यात सुटे किंवा पिंजऱ्यातले छर्रे असतात. १ इंचाच्या हेडसेटला बहुतेक ५/३२ इंचाचे. सगळे एकदम बदला, जुने-नवे मिसळू नका. कपात ग्रीस भरून छर्रे गोलाकार मांडा. एक छर्रा मावेल एवढी मोकळीक राहू द्या. कपात हलक्या खळग्या असतील तर पिंजरा काढून सुटे छर्रे घाला. त्यांची संख्या वाढते, ते जुन्या खळग्यांशी जुळत नाहीत आणि हेडसेट आणखी काही काळ चालतो.

पूर्ण हेडसेट घ्यायचा असेल तर क्राऊन रेसची जागा मोजा. युरोपीय पद्धतीत ती २६.४ मिमी असते, जपानी पद्धतीत २७. दोन्ही सर्रास सापडतात आणि एकमेकांत बसत नाहीत. आवळायला ३२ मिमीचे दोन पातळ पाने लागतात: एकाने नटाच्या लगेच खालचा, आट्याचा वरचा कप धरून ठेवायचा, दुसऱ्याने त्याच्यावरचा नट आवळायचा.

जुनं बेअरिंग साफ करून परत वापरता येतं का?

खाच नसेल, नुसती करकर असेल, तर येतं. ब्लेडच्या टोकाने सील अलगद उचला, केरोसीनने धुवा, पूर्ण वाळू द्या, ग्रीस भरा, सील दाबा. छर्ऱ्यांवर गंजाचे ठिपके दिसले तर श्रम वाया घालवू नका.

किती दिवसांनी उघडून बघावं?

पावसात चालवणाऱ्यांनी वर्षातून दोनदा: मेअखेरीस ग्रीस भरण्यासाठी आणि ऑक्टोबरात पाणी किती शिरलं ते बघण्यासाठी. फक्त कोरड्यात चालवत असाल तर एकदा पुरे. सायकल धुताना प्रेशरच्या पाण्याचा झोत हेड ट्यूबवर मारू नका. आणि बीआरएमच्या (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडच्या) आदल्या रात्री हेडसेट उघडू नका. नवं बेअरिंग बसायला पहिले काही किलोमीटर लागतात, त्यानंतर खेळ पुन्हा तपासून टॉप कॅप किंचित आवळावी लागते. आठवडाभर आधी करा, एक छोटी फेरी मारा, मग पुन्हा तपासा.